जिभेने न ओळखलेले पंधरा

2005 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठाच्या अन्नरसायन विभागातून एक शोधनिबंध आला. त्यातल्या चहात चहाची एकही पत्ती नव्हती. सुझान शार्बर्ट आणि थॉमस होफमान यांनी आधी खऱ्या काळ्या चहाच्या अर्कातली 51 संयुगे एकेक करून मोजली. मग ती त्याच प्रमाणात पाण्यात एकत्र केली : 15 अमिनो आम्ले, 14 फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइडे, कॅटेचिन वर्गातली 8 संयुगे, 5 थिआफ्लेव्हिने, 5 सेंद्रिय आम्ले, 3 शर्करा आणि कॅफिन. चव पारखण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसांना हे पाणी आणि खरा चहा चाखायला दिला. दोन्हींच्या चवीत नोंद घ्यावी असा फरक त्यांना आढळला नाही.

त्यानंतर त्यांनी उलटी वाट धरली. या मिश्रणातून एकेक गट वगळत गेले आणि प्रत्येक वेळी विचारले, चव बदलली का? शेवटी 12 संयुगे उरली : कॅफिन, नऊ ग्लायकोसाइडे, कॅटेचिन आणि एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. एवढ्यांवर काळ्या चहाची चव उभी राहिली. पंधराच्या पंधरा अमिनो आम्ले बाहेर पडली तरी चव जागची हलली नाही.

हे पुस्तक त्या पंधरांविषयी आहे.

जे वगळल्याचे जिभेला कळतही नाही, ते मोजण्यासाठी लाखो रुपयांचे यंत्र, अतिशुद्ध द्रावणे आणि माणसाचे दिवसचे दिवस का खर्च करायचे, असा प्रश्न वाचकाला पडेल. मलाही पडला होता. या प्रश्नाला टाळून पुढे जाणारे पुस्तक मला लिहायचे नव्हते, म्हणून अमिनो आम्लांच्या विरोधात जाणारा पुरावाच मी सर्वांत आधी मांडला आहे.

याच होफमान यांचे नाव 2006 च्या आणखी एका निबंधावर आहे. त्यात जपानी संशोधकांबरोबर त्यांनी काळ्या चहाऐवजी माचा घेतला, म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांची हिरवीगार पूड. तिथे निकाल निराळा आला. माचाला जी भरीव, तोंडात रेंगाळणारी 'उमामी' चव असते, तिच्यामागे ग्लुटामेट होतेच. पण ती चव वाढवणाऱ्यांमध्ये थिओगॅलिन, गॅलिक आम्ल आणि सक्सिनिक आम्ल यांच्याबरोबर थिअनाइन हे अमिनो आम्लही सापडले. एकाच झाडाची पाने. एका कपात त्यांच्या अमिनो आम्लांना कोणी विचारत नाही, दुसऱ्यात त्यांच्याशिवाय चालत नाही. फरक पडतो तो किती आहेत, कोणती आहेत आणि शेजारी कोण आहे यामुळे. यातले काहीही केवळ चाखून ठरवता येत नाही. मोजावेच लागते.

आता थिअनाइनबद्दल थोडे सविस्तर, कारण पुढची बहुतेक प्रकरणे त्याच्याभोवती फिरतात. 1950 मध्ये जपानच्या याजिरो साकातो यांनी ग्योकुरो या सावलीतल्या चहाच्या पानांतून ते वेगळे केले. चहाच्या झाडाचे जुने शास्त्रीय नाव 'थिआ', त्यावरून हे नाव पडले. रचनेने ते ग्लुटामिक आम्लाचे सख्खे नातलग आहे : ग्लुटामिक आम्लाच्या एका टोकाला इथिलअमाइन जोडले की थिअनाइन होते. प्रथिनांच्या बांधणीत त्याला जागा नाही, ते पानात मोकळेच असते. चहाच्या कुळाबाहेर ते क्वचितच आढळते. जर्मनीच्या जंगलांत शरदात लोक टोपल्या घेऊन गोळा करतात त्या 'मारोने' नावाच्या अळंबीत ते सापडले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. वाळलेल्या चहात साधारण 1 ते 2 टक्के थिअनाइन असते आणि मोकळ्या अमिनो आम्लांच्या एकूण वजनात पुष्कळदा निम्मा वाटा त्याचा एकट्याचा असतो.

झाड ते मुळांत तयार करते आणि वर कोंबांकडे पाठवते. पानावर ऊन पडले की ते मोडते आणि त्याचा भाग कॅटेचिनांसारखी तुरट संयुगे घडवण्यात कामी येतो. म्हणून जपानी शेतकरी खुडणीआधी सुमारे तीन आठवडे मळ्यावर आच्छादन घालतात. ऊन अडले की थिअनाइन टिकते आणि तुरटपणा कमी राहतो. पिढ्यान् पिढ्या त्यांना हे हातांनी ठाऊक होते. यंत्राने त्याला आकडा दिला, इतकेच.

परंतु तो आकडा मिळवणे सोपे नव्हते, कारण बहुतेक अमिनो आम्ले डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना रंग नाही, दृश्य प्रकाश ती शोषत नाहीत, पाण्यात विरघळली की पाण्यासारखीच दिसतात. त्यांना मोजायचे तर दोन कामे करावी लागतात : त्यांना एकमेकांपासून वेगळे करायचे आणि ती दिसतील असे काहीतरी त्यांना चिकटवायचे. या दोन्ही कामांच्या इतिहासात जर्मन भाषा आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळा जागोजाग भेटतात. गंमत अशी की त्यांतल्या बहुतेकांच्या टेबलावर चहा नव्हता.

ग्लुटामिक आम्ल 1866 मध्ये कार्ल हाइनरिश रिटहाउझेन यांना गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मिळाले. चाळीस वर्षांनी किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्रशेवाळाच्या सारात तेच आम्ल ओळखले आणि 1908 मध्ये 'उमामी' हा शब्द दिला. त्याआधी हेच इकेदा लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्याकडे शिकून गेले होते. बर्लिनला एमिल फिशर यांनी अमिनो आम्लांची एस्टरे करून, ती ऊर्ध्वपातनाने वेगळी करण्याची पद्धत बसवली. त्यासाठी प्रथिनाचा मोठा साठा लागे आणि हाती येणारा आकडा खऱ्यापेक्षा नेहमी कमी भरे. याच फिशर यांनी 1895 मध्ये कॅफिन प्रयोगशाळेत घडवले होते. चहाच्या कपातल्या दोन वेगळ्या घराण्यांवर एकाच माणसाने काम केले, पण ते कप डोळ्यांसमोर ठेवून केलेले नव्हते.

कॅफिनचा विषय निघालाच आहे, तर फ्रीडलीब रुंगे यांना इथे जागा द्यायला हवी. 1819 मध्ये येना येथे तरुण रुंगेंनी बेलाडोनाच्या अर्काने मांजराची बाहुली कशी मोठी होते, हे कवी गटेंना करून दाखवले. खूश होऊन गटेंनी त्यांच्या हातात कॉफीच्या बियांचा डबा ठेवला आणि त्यातून कॅफिन निघाले. ही कथा बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. उतारवयात ओरानिएनबुर्गला रुंगे टीपकागदावर निरनिराळ्या क्षारांचे थेंब टाकत बसत. थेंब पसरताना रंगांची वलये आपोआप वेगळी होत. त्या वलयांची चित्रे त्यांनी 1850 च्या दशकात पुस्तकरूपाने छापली. त्यांना त्यात पदार्थाची स्वतःला आकार देण्याची ओढ दिसली. आपण त्यात कागदी क्रोमॅटोग्राफीची पहिली खूण पाहतो.

'क्रोमॅटोग्राफी' हा शब्द मात्र 1906 चा. मिखाइल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे सुटे केले. रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. निबंध छापले जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात, जर्मन भाषेत. जर्मनीतल्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि पंचवीस वर्षे ही पद्धत जवळजवळ पडून राहिली. 1931 मध्ये हायडेलबर्गला रिचर्ड कून यांच्या प्रयोगशाळेत एडगर लेडरर यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि गाजराच्या कॅरोटीनचे दोन प्रकार सुटे करून दाखवले. दोन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या लेडरर यांना जर्मनी सोडून फ्रान्सला जावे लागले. ज्या हातांनी हे तंत्र परत जिवंत केले, त्यांना त्या देशात जागा उरली नाही. विज्ञानाच्या पुस्तकात अशी ओळ कशाला, असे कोणी म्हणेल. मला ती गाळता आली नाही.

अमिनो आम्लांना रंग मिळाला तो 1910 मध्ये. केंब्रिजला काम करणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ झीगफ्रीड रूहेमान यांनी निनहायड्रिन तयार केले. अमिनो आम्लाबरोबर ते तापवले की गडद जांभळा रंग येतो. आजही त्याला 'रूहेमानचा जांभळा' म्हणतात. कागदावरचे बोटांचे ठसे पोलिस याच रसायनाने उमटवतात, कारण घामात अमिनो आम्ले असतात. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून रूहेमान यांना केंब्रिज सोडावे लागले.

निनहायड्रिनने चहातली एकूण अमिनो आम्ले आजही मोजली जातात. ही स्वस्त आणि भरवशाची रीत आहे. पण ती बेरीज सांगते, यादी सांगत नाही. 3 टक्के म्हटल्यावर त्यात थिअनाइन किती, ग्लुटामिक आम्ल किती, आर्जिनीन किती हे जांभळ्या रंगाला ठाऊक नसते. यादी हवी तर द्रव क्रोमॅटोग्राफीकडेच जावे लागते.

तिचे तत्त्व समजायला आठवडे बाजार पुरेसा आहे. शंभर माणसे एकाच वेळी बाजाराच्या एका टोकाने आत शिरली. कोणाला बांगड्यांची ओढ, कोणाला भेळेची, कोणाला कशाचीच नाही. ज्याला कशाचीच ओढ नाही तो सरळ चालत लवकर बाहेर पडतो. जो दुकानादुकानाशी थांबतो तो उशिरा. दुसऱ्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहिले की, कोण कधी आला यावरून तो कोण हे ओळखता येते आणि त्या वेळी किती जण आले यावरून प्रमाण कळते. आपल्या यंत्रात बाजार म्हणजे हातभर लांबीचीही नसलेली पोलादी नळी. तिच्यात सिलिकाचे 3 ते 5 मायक्रॉनचे कण ठासून भरलेले असतात आणि त्यांच्या अंगावर 18 कार्बनांच्या साखळ्या चिकटवलेल्या असतात. इतक्या दाट भरणीतून द्रव ढकलायला शेकडो बारचा दाब लागतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो. असे पंप 1960 च्या दशकात शक्य झाले, असे बारीक कण त्यानंतर. त्या घडणीत फ्रांकफुर्टला आणि पुढे झारब्रुकेनला काम केलेल्या इश्टव्हान हालास यांचा आणि त्यांच्याकडे 1963 मध्ये डॉक्टरेट करून अमेरिकेला गेलेल्या चाबा होर्वात यांचा मोठा वाटा आहे.

नळीतून बाहेर पडणारा प्रत्येक घटक कागदावर एक टोकदार उंचवटा काढतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'पीक' म्हणतात. तो इंग्रजी शब्द, पण मराठी कानाला शेत दिसते. पहिल्यांदा थिअनाइनचे पीक पडद्यावर उगवताना पाहिले तेव्हा मला मळाच आठवला होता.

आता दृश्य करण्याचे काम. बहुतेक ठिकाणी नमुना नळीत सोडण्याआधी त्यात ऑर्थोथॅलअल्डिहाइड मिसळतात. प्रयोगशाळेच्या बोलीत ओपीए. गंधकयुक्त संयुगाच्या संगतीत ते अमिनो आम्लाला मिनिटभरात चिकटते. जोडी जमली की अतिनील प्रकाशात ती निळी चमकते. ओपीए स्वतः चमकत नाही, कॅफिन त्याला दाद देत नाही, त्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ राहते. उणीव दोन. प्रोलीनसारख्या आम्लांना ते पकडत नाही. आणि जोडी फार वेळ टिकत नाही. शिकाऊ असताना एका प्रयोगशाळेत मी चोवीस नमुन्यांत एकदमच ओपीए मिसळून ठेवले आणि रात्रभर यंत्र चालू सोडून घरी गेले. सकाळी आकडे पाहिले तर पहिल्यापेक्षा शेवटच्या नमुन्यात थिअनाइन पुष्कळ कमी. सगळे नमुने एकाच डब्यातल्या चहाचे होते. कमी झाले होते ते थिअनाइन नव्हते, त्याला चिकटलेली चमक होती. तेव्हापासून प्रत्येक नमुन्यात ओपीए नळीत सोडण्याच्या अगदी आधी, आणि दर वेळी ठरलेले तेवढेच सेकंद आधी, मिसळायचे हे माझ्या हाडात बसले. आता हे काम यंत्राचा हात करतो. तरी तिसऱ्या प्रकरणात मी ते हाताने करायला सांगितले आहे.

याहून मोठी चूक वाचकाने करू नये म्हणून इथेच सांगते. अन्नातली अमिनो आम्ले मोजायची नेहमीची रीत म्हणजे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंशांवर चोवीस तास उकळून प्रथिने मोडायची. डाळीसाठी, दुधासाठी ती योग्य आहे. चहाला ती लावली तर थिअनाइनचाच जोड तुटतो आणि हाती ग्लुटामिक आम्ल व इथिलअमाइन येते. अहवालात ग्लुटामिक आम्ल भरपूर आणि थिअनाइन शून्य दिसेल. यंत्र बरोबर, नळी बरोबर, हिशेब बरोबर आणि उत्तर साफ खोटे. चहातली मोकळी अमिनो आम्ले नुसत्या गरम पाण्याने काढायची, जसा आपण चहा काढतो तशीच.

थिअनाइन मोजण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे स्वतंत्र मानक 2017 मध्ये आले, क्रमांक 19563. चहाची आंतरराष्ट्रीय मानके ज्या मंडळींच्या चर्चेतून घडली त्यांत ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठातले उलरिश एंगेलहार्ट होते. चहातल्या पॉलिफेनॉलांवर त्यांच्या गटाने वर्षानुवर्षे काम केले. अशा मानकांमागचा कंटाळवाणा वाटणारा भाग मला फार मोलाचा वाटतो. एकच चहा अनेक प्रयोगशाळांना पाठवायचा आणि सगळ्यांचे आकडे जुळेपर्यंत वाद घालायचा.

जर्मनीला चहाची एवढी काळजी का, असे विचारणाऱ्याने एकदा ऑस्टफ्रीसलांडला जावे. उत्तर समुद्रालगतच्या या सपाट मुलखात माणशी वर्षाला सुमारे 300 लिटर चहा प्यायला जातो. कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा ठेवतात, त्याला तिथे 'क्लुंट्ये' म्हणतात. वरून कडक चहा ओतला की खडा तडकल्याचा आवाज येतो. मग कडेने साय सोडतात आणि चमचा फिरवत नाहीत. पाहुण्याने तीन कप घ्यायचेच. 2016 पासून ही रीत जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. तिथल्या चहाच्या मिश्रणात मुख्य पत्ती आसामची. पुण्याच्या अमृततुल्याच्या पातेल्यात आले-वेलचीबरोबर उकळते ती पत्तीही बहुधा आसामकडूनच येते.

या दोन्ही कपांत अमिनो आम्ले असतात. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात बाजारातल्या चहाच्या 200 मिलिलिटर कपात काळ्या चहातून सरासरी 24 मिलिग्रॅम आणि हिरव्यातून 8 मिलिग्रॅमच्या आसपास थिअनाइन मिळाले. हिरवा म्हणजे थिअनाइन जास्त, हा समज त्यामुळे सरसकट धरता येत नाही. पान कोणते, खुडणी कधीची आणि पाण्यात किती वेळ ठेवले, यावर सारे आहे. दुधात उकळलेला आपला चहा मोजणे त्याहून अवघड. दुधातल्या प्रथिनांवरची लायसिने ओपीएला चिकटतात आणि सगळे चित्र झाकोळते. आधी प्रथिने साकळवून गाळून काढावी लागतात. परदेशी पुस्तकांत या कपासाठी कृती सहसा नसते, म्हणून सातवे प्रकरण मी संपूर्ण त्यालाच दिले आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. काळ्या चहाच्या चवीतून अमिनो आम्ले वगळली गेली, पण वासातून नाही. पत्ती सुकवताना प्रथिने थोडी मोडतात आणि मोकळी आम्ले वाढतात. पुढे आंबवण्यात आणि भट्टीच्या आचेत त्यांतली काही मोडून अल्डिहाइडे होतात. ल्युसीनपासून माल्टसारखा वास, फेनिलअ‍ॅलनीनपासून मधासारखा. ही मोड 1862 मध्ये अडोल्फ श्ट्रेकर यांनी प्रथम वर्णिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. म्युनिकजवळ गार्चिंगला पेटर शीबर्ले यांनी 2006 मध्ये दार्जिलिंग चहाच्या वासाचे घटक असेच मोजून मांडले. जिभेला जी लागली नाहीत त्यांतली काही रूप बदलून नाकाशी आली, असे म्हणता येईल. पण रूप बदलण्याआधी किती होती आणि नंतर किती उरली, हे सांगायला आपली नळीच लागते.

दुसरा उपयोग बाजारातला. गेली वीस-पंचवीस वर्षे वेगळे काढलेले थिअनाइन गोळ्यांतून आणि पेयांतून विकले जाते : मन शांत करते, एकाग्रता वाढवते, अशा शब्दांत. बर्लिनच्या संघीय जोखीम मूल्यांकन संस्थेने 2003 मध्येच अशा पेयांबद्दल सावधगिरी सुचवली. चहातून मिळणारी मात्रा आणि बाटलीतली मात्रा एक नव्हे, असा तिचा रोख होता. 2011 मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आकलनशक्ती सुधारण्याचा दावा सिद्ध झालेला नाही असे ठरवले. या वादात कोणाचीही बाजू घ्यायची तर कपात किती आणि गोळीत किती हे आधी खात्रीने सांगता आले पाहिजे.

पुस्तकाचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. यंत्राचे भाग आधी आणि चहा नंतर, असे मी केले नाही. पहिल्या प्रकरणात यंत्र नाहीच. तिथे फक्त एक धातूची वाटी, एक तराजू आणि 103 अंशांवर तापलेली भट्टी आहे. चहा हवेतले पाणी ओढतो. जुलैमध्ये रत्नागिरीला उघडलेला डबा आणि थंडीत गरम केलेल्या हॅम्बुर्गच्या खोलीत उघडलेला डबा, यांतल्या एक ग्रॅम पत्तीत चहा सारखा नसतो. त्यामुळे टक्का कशाचा, हे आधी ठरवायला हवे. वाटी तापवायची, गार करायची, तोलायची. पत्ती घालून पुन्हा तोलायची, भट्टीत ठेवायची, गार करून परत तोलायची आणि दोन वेळचे वजन सारखे येईपर्यंत हेच करत राहायचे.